सामायिक ब्रँचवरचा फोर्स पुश कसा बंद करायचा: क्रमवार मार्गदर्शक

‘आमची मेन ब्रँच सुरक्षित आहे’ असं बहुतेक टीम सांगतात. नक्की काय केलंय असं विचारलं, की उत्तर येतं, ‘मेनवर कुणी फोर्स पुश करायचा नाही असं ठरलंय.’ म्हणजे ठरलंय, बंद केलेलं नाही. (फोर्स पुश म्हणजे सर्व्हरवरच्या ब्रँचचा इतिहास बाजूला सारून आपला इतिहास सक्तीने लिहिणं.) ज्यांनी सेटिंग केलेलं असतं त्यांच्यातलेही बरेच जण ते कधी मोडून पाहत नाहीत. मग एका दुपारी कुणाचा तरी रिबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) चुकतो आणि सगळी टीम जुने कमिट शोधत बसते.

या लेखात गिट गृहीत धरलं आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी प्रत, मग सर्व्हर, मग चाचणी आणि त्यानंतर प्रत्येकाचं मशीन. बहुतेक जण उलट्या बाजूने, म्हणजे मशीनवरच्या हुकपासून (ठरावीक क्षणी गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) सुरुवात करतात, आणि तिथेच गाडं अडतं.

आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टाइप करा. या लेखातली कॉन्फिगची नावं लहान लिपीत लिहिली काय नि मोठ्या लिपीत लिहिली काय, गिटला चालतात. पर्याय मात्र लहान अक्षरांत, पुढे येणारा एक ‘-सी’ सोडून.

## इतिहास पुन्हा लिहिणं म्हणजे नेमकं काय

ब्रँचचं टोक अशा कमिटवर गेलं, ज्याच्या पूर्वजांत जुनं टोक नाही, तर इतिहास पुन्हा लिहिला गेला. पुढच्या सगळ्या तपासण्या या एका कसोटीवर उभ्या आहेत, म्हणून ती डोक्यात पक्की असू द्या.

या कसोटीनुसार स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात गोळा करून) केलेलं मर्ज मेनसाठी निर्धोक आहे, कारण मेनवर फक्त एक नवा कमिट चढतो. रिव्हर्टही (जुना बदल उलटवणारा नवा कमिट) निर्धोक. याउलट आधीच पुश केलेल्या कमिटचा फक्त संदेश ‘अमेंड’ करून पुश करणं हे पुनर्लेखनच आहे. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी हॅश (कमिटची ओळख असलेला लांब आकडा) बदलतो आणि गिटच्या लेखी तो वेगळाच कमिट होतो.

## टप्पा १: यादी आणि प्रत

आधी कागदावर दोन याद्या करा.

पहिली यादी काय सांभाळायचं त्याची. मेन, रिलीजच्या ब्रँचेस, आणि टॅग (एका कमिटला दिलेलं नाव, बहुधा आवृत्तीचं). एकट्याच्या कामाच्या, चार दिवसांत पुसल्या जाणाऱ्या ब्रँचेस या यादीत घेऊ नका. तिथे रिबेस करून कमिट नीटनेटके करणं ही चांगली सवय आहे, आणि सगळंच बंद केलं तर लोक कुलपाचीच कटकट मानून अ‍ॅडमिनकडून सूट मागायला लागतात.

दुसरी यादी लिहू शकणाऱ्यांची. माणसं आठवतात, विसरतात ती यंत्रं. बिल्ड सर्व्हरचं टोकन, लिहिण्याची परवानगी असलेली डिप्लॉय की, रिलीजची आवृत्ती वाढवणारा बॉट आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर प्रती ढकलणारं मिरर जॉब, हे सगळे यादीत हवेत. `गिट पुश --मिरर` ही आज्ञा नुसती ढकलत नाही. समोरच्या बाजूला जे जास्तीचं आहे ते पुसते आणि जे जुळत नाही त्यावर सक्तीने लिहिते. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेंकिन्स प्रकल्पाच्या गिटहबवरच्या १८० हून अधिक रिपॉझिटरींवर चुकून फोर्स पुश झाला होता. ज्या खात्याला सगळीकडे लिहिता येतं, त्याची एक चूक सगळीकडे पोचते. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे लिहा: याला लिहायची गरज खरंच आहे का, आणि कोणकोणत्या रिपॉझिटरीत.

आता प्रत:

`गिट क्लोन --मिरर <पत्ता> प्रत.गिट`
`गिट -सी प्रत.गिट बंडल क्रिएट <तारखेचं-नाव>.बंडल --ऑल`
`गिट -सी प्रत.गिट बंडल व्हेरिफाय <फाइलचा-पूर्ण-पत्ता>`

या ‘-सी’मधलं अक्षर मोठ्या लिपीतलं आहे, तेवढं ध्यानात ठेवा. बंडल ही एकच फाइल असते, तिच्यावरून थेट क्लोन करता येतो. तारखेनुसार वेगवेगळ्या फाइली ठेवा, जुनीवर नवी लिहू नका.

सावधान: दर तासाला अपडेट होणारा मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. त्याच्या फेचच्या (सर्व्हरवरून बदल आणण्याच्या) नियमात सक्तीचं अधिक चिन्ह असतं, म्हणून मूळ ठिकाणी इतिहास बदलला की मिररही निमूटपणे बदलतो. मूळ जळलं तर मिरर उपयोगी पडेल. मूळ चुकलं तर मिररही चुकलेलाच असेल.

## टप्पा २: सर्व्हर स्वतःचा असेल तर

होस्टिंग सेवा वापरत असाल तर थेट टप्पा ४ कडे जा. स्वतःच्या सर्व्हरवर बेअर रिपॉझिटरी (कामाच्या फाइलींशिवाय नुसता इतिहास ठेवणारी) असेल, तर तिच्या फोल्डरमध्ये जाऊन हे करा:

`गिट कॉन्फिग रिसीव्ह.डिनायनॉनफास्टफॉरवर्ड्स ट्रू`
`गिट कॉन्फिग रिसीव्ह.डिनायडिलीट्स ट्रू`
`गिट कॉन्फिग कोअर.लॉगऑलरेफअपडेट्स ऑल्वेज`

पहिली ओळ फोर्स पुश नाकारते, पाठवणाऱ्याने सक्ती केली तरी. रिपॉझिटरी `--शेअर्ड` पर्यायाने तयार केली असेल तर ही ओळ गिटने आधीच लिहून ठेवलेली असते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. लोक कॉन्फिग उघडतात, पहिली ओळ दिसते, आणि काम झालं असं समजून फाइल बंद करतात. दुसरी ओळ नसेल तर कुणीही ब्रँच पुसून त्याच नावाने हवा तो इतिहास नव्याने ढकलू शकतो. फोर्स पुश नाकारला गेला म्हणून चिडलेला माणूस पाच मिनिटांत हाच रस्ता शोधतो. दोन्ही ओळी जोडीनेच लिहा.

तिसरी ओळ काही अडवत नाही, नोंद ठेवते. बेअर रिपॉझिटरीत रिफ्लॉग (टोक कधी कुठे होतं याची नोंदवही) मुळात बंद असतो, त्यामुळे सर्व्हरवर ब्रँचचं आधीचं टोक कुठे होतं याचा माग राहत नाही. ‘ट्रू’ लिहिलं तर ब्रँचची नोंद राहते. टॅगचीही हवी असेल तर ‘ऑल्वेज’ लागतं.

रिफ्लॉगच्या नोंदी कायम टिकत नाहीत. सर्वसाधारण नोंदी ९० दिवसांनी आणि टोकापासून तुटलेल्या कमिटच्या नोंदी ३० दिवसांनी गळतात. आपल्याला वाचवायचे असतात ते नेमके तुटलेले कमिट. तेव्हा:

`गिट कॉन्फिग जीसी.रिफ्लॉगएक्सपायर नेव्हर`
`गिट कॉन्फिग जीसी.रिफ्लॉगएक्सपायरअनरीचेबल नेव्हर`

डिस्क थोडी जास्त लागेल, लागू द्या.

सावधान: हे सगळं फक्त पुशच्या वाटेवर चालतं. ज्याला सर्व्हरवर शेल आहे तो कॉन्फिग बदलू शकतो किंवा `गिट अपडेट-रेफ` वापरून टोक थेट हलवू शकतो. लोकांना पूर्ण शेलऐवजी `गिट-शेल` द्या, आणि रिपॉझिटरीच्या फाइलींची मालकी एका वेगळ्या खात्याकडे ठेवा.

## टप्पा ३: टॅगसाठी वेगळी सोय

वरच्या दोन ‘डिनाय’ ओळी फक्त ब्रँचना लागू होतात. टॅग हलवला किंवा पुसला तर त्या ब्रही काढत नाहीत, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. टॅग हलला तर काय होतं ते मार्च २०२५ मध्ये दिसलं: ‘टीजे-ॲक्शन्स’च्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या गिटहब ॲक्शनचे जुने आवृत्ती-टॅग हल्लेखोरांनी एका घातक कमिटकडे वळवले, आणि टॅगवर भरवसा ठेवून चालणाऱ्या बिल्डमध्ये तो कोड आपोआप शिरला. कुणी काही नवीन बसवलं नव्हतं. जुनंच नाव नव्या जागी बोट दाखवत होतं.

स्वतःच्या सर्व्हरवर याला उपाय म्हणजे ‘अपडेट’ हुक. प्रत्येक ब्रँच वा टॅगसाठी तो एकदा चालतो आणि त्याला तीन गोष्टी मिळतात: नाव, जुना हॅश, नवा हॅश. हुक शून्याशिवाय काहीही परत देऊन थांबला तर तेवढा बदल नाकारला जातो. त्यातला तर्क असा लिहा:

१. नाव टॅगचं आहे आणि जुना हॅश सगळा शून्यांचा नाही? म्हणजे टॅग आधीपासून आहे. नाकारा. हलवणं आणि पुसणं दोन्ही यातच अडतं.
२. नाव संरक्षित ब्रँचचं आहे आणि नवा हॅश सगळा शून्यांचा आहे? म्हणजे कुणी पुसतंय. नाकारा.
३. संरक्षित ब्रँच आहे आणि दोन्ही हॅश खरे आहेत? `गिट मर्ज-बेस --इज-ॲन्सेस्टर <जुना> <नवा>` चालवा. परतीचा कोड शून्य आला (पडद्यावर काही दिसत नाही) तर जाऊ द्या, नाहीतर नाकारा.

ब्रँचचं काम कॉन्फिगने आधीच केलेलं असलं तरी दुसरा-तिसरा नियम हुकमध्ये असू द्या. कॉन्फिग सगळ्या ब्रँचना सरसकट लागू होतं. छोट्या ब्रँचेस मोकळ्या ठेवायच्या असतील तर कॉन्फिगच्या त्या दोन ओळी काढून सगळं हुकवर सोपवता येतं.

‘शून्यांचा हॅश’ ओळखताना ४० शून्यांची ओळ हाताने लिहून जुळवू नका. एसएचए-२५६ वापरणाऱ्या रिपॉझिटरीत ती ६४ असते. ‘सगळी अक्षरं शून्य आहेत का’ एवढंच तपासा.

गिटसोबत ‘अपडेट.सॅम्पल’ नावाचा नमुना येतो, तोही चालेल, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. रिपॉझिटरीच्या ‘डिस्क्रिप्शन’ फाइलमध्ये मूळचाच मजकूर असेल तर तो प्रत्येक पुश अडवतो. लोक वैतागून हुकच काढून टाकतात, खरं तर फाइलमध्ये एक ओळ बदलली की काम होतं. दुसरं म्हणजे नोंद नसलेले साधे टॅग चालू द्यायचं सेटिंग केलंत, तर असे टॅग हलवणं तो अडवत नाही. शिवाय तो ब्रँचवरचा फोर्स पुश तपासत नाही, ते काम कॉन्फिगवरच राहतं.

तपासा: हुकच्या फाइलच्या नावातून ‘.सॅम्पल’ गेलं आहे का? फाइल चालवण्याची परवानगी आहे का? परवानगी नसलेला हुक गिट बाजूला ठेवतं आणि पुश बिनदिक्कत आत जातो.

## टप्पा ४: होस्टिंग सेवेवर

गिटहब. इथे दोन यंत्रणा आहेत, जुने ‘ब्रँच प्रोटेक्शन’ नियम आणि नवे ‘रूलसेट’. नव्याने करत असाल तर रूलसेट घ्या, कारण एका ब्रँचला अनेक रूलसेट एकत्र लागू होतात आणि टॅगही त्यातच येतात.

ब्रँचच्या रूलसेटमध्ये ‘ब्लॉक फोर्स पुशेस’ आणि ‘रिस्ट्रिक्ट डिलीशन्स’ ही दोन्ही खूण करा. टॅगसाठी वेगळा रूलसेट करून ‘रिस्ट्रिक्ट अपडेट्स’ आणि ‘रिस्ट्रिक्ट डिलीशन्स’ लावा. टॅगला नुसतं फोर्स पुश अडवणं पुरत नाही. टॅग पुढच्या कमिटवर सरकवला तर वरच्या कसोटीनुसार ते पुनर्लेखन ठरत नाही, पण ‘आवृत्ती १.४’ म्हणून लोकांना वेगळाच कोड मिळतो.

जुना नियम वापरत असाल तर ‘अलाउ फोर्स पुशेस’ आणि ‘अलाउ डिलीशन्स’ रिकामे आहेत ना पाहा, आणि ‘डू नॉट अलाउ बायपासिंग द अबव्ह सेटिंग्ज’ वर खूण करा. ही शेवटची खूण नसेल तर नियम अ‍ॅडमिनला लागू होत नाही, आणि अपघात बहुधा अ‍ॅडमिनकडूनच होतात. कारण साधं आहे: नाजूक कामं त्यांच्याच हाती असतात.

नेहमीच्या चुका इथे इतक्या होतात की त्या वेगळ्या सांगायला हव्यात:

- रूलसेट तयार केला, पण त्याची स्थिती ‘ॲक्टिव्ह’ केली नाही किंवा लक्ष्य म्हणून एकही ब्रँच जोडली नाही. पानावर नियम दिसतो, लागू काहीच होत नाही.
- नमुना चुकला. गिटहबच्या नमुन्यात एक तारा तिरप्या रेषेपलीकडे जात नाही. ‘रिलीज*’ लिहिलंत तर ‘रिलीज/२.१’ त्यात येत नाही; त्यासाठी ‘रिलीज/*’ हवं.
- मोफत योजनेतली खाजगी रिपॉझिटरी. नियम लिहिता येतो, जतनही होतो, पण अंमलात येत नाही. पानावर तशी सूचना असते, ती वाचली जात नाही.
- ‘रिक्वायर लिनिअर हिस्टरी’ लावून समाधान मानलं. तो पर्याय मर्ज कमिट अडवतो. फोर्स पुशशी त्याचा संबंध नाही.
- सूट देण्याच्या यादीत बॉटला ‘सध्यापुरतं’ घातलं. टप्पा १ मधली दुसरी यादी इथे काढा आणि एकेक नाव ताडून पाहा.

गिटलॅब. ‘प्रोटेक्टेड ब्रँचेस’ मध्ये ‘अलाउड टू फोर्स पुश’ बंद ठेवा. मुख्य ब्रँच सहसा आधीच संरक्षित असते; रिलीजच्या ब्रँचेस नसतात, त्या नमुन्याने जोडा. संरक्षित ब्रँच गिटच्या आज्ञेने पुसता येत नाही, पण मेंटेनरला ती वेबवरून पुसता येते, म्हणून मेंटेनर किती आहेत ते मोजा. टॅगसाठी ‘प्रोटेक्टेड टॅग्ज’ वेगळं आहे.

बिटबकेट. ब्रँचच्या परवानग्यांत इतिहास पुन्हा लिहिणं आणि ब्रँच पुसणं हे दोन वेगळे पर्याय आहेत. दोन्ही बंद करा.

## टप्पा ५: मोडून पाहा

हा टप्पा गाळणारे सर्वांत जास्त, आणि ज्यांनी केला त्यांच्यातलेही अर्धवट करणारे बरेच.

अर्धवट कसा, ते आधी पाहू. माणूस एक कमिट मागे जातो, `गिट पुश` करतो, लाल अक्षरांत ‘रिजेक्टेड’ येतं, आणि तो खूश होतो. पण हा नकार त्याच्याच मशीनवरच्या गिटने दिलेला असतो. सर्व्हरपर्यंत गोष्ट गेलीच नाही. संरक्षण नसलेल्या ब्रँचवरही हाच संदेश येतो. चाचणी सक्तीनेच करायची, आणि उत्तरात ‘रिमोट रिजेक्टेड’ हे शब्द शोधायचे. नुसतं ‘रिजेक्टेड’ म्हणजे तुमच्या गिटने अडवलं. ‘रिमोट रिजेक्टेड’ म्हणजे सर्व्हरने अडवलं. पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.

थेट मेनवर प्रयोग करू नका. ज्या नियमात मेन आहे त्याच नियमात ‘चाचणी/*’ हा नमुना तात्पुरता जोडा, ‘चाचणी/कुलूप’ अशी ब्रँच तयार करून तिच्यावर दोन कमिट ढकला, आणि मग क्रमाने:

१. `गिट रिसेट --हार्ड हेड~१` आणि मग `गिट पुश --फोर्स ओरिजिन चाचणी/कुलूप`
२. `गिट पुश ओरिजिन +चाचणी/कुलूप`. नावाआधीचं अधिक चिन्ह म्हणजेही फोर्स. ‘फोर्स’ हा शब्द शोधणाऱ्या घरगुती हुकना हे दिसत नाही.
३. `गिट पुश ओरिजिन --डिलीट चाचणी/कुलूप`
४. वेबवरून तीच ब्रँच पुसून पाहा.
५. टॅगच्या नियमात बसेल असा एक चाचणी टॅग ढकला, मग तो सक्तीने हलवून आणि पुसून पाहा.

हे सगळं तीन खात्यांवरून करा: साधा सदस्य, अ‍ॅडमिन, आणि बॉट. साध्या सदस्याच्या खात्यावरून सगळं अडलं आणि अ‍ॅडमिनच्या खात्यावरून सगळं गेलं, असा निकाल पहिल्या फेरीत फार वेळा येतो.

तपासा: प्रत्येक ओळीपुढे निकाल लिहून ठेवा. शेवटी नमुना काढा, चाचणीची ब्रँच आणि टॅग पुसा, आणि नियमाच्या पानावर मेन अजूनही यादीत आहे ना ते पाहा. नमुना काढताना मेनचाच नमुना उडवल्याची उदाहरणं आहेत. स्वतःच्या सर्व्हरवर पुशने पुसता येणार नाही. तिथे सर्व्हरवर जाऊन `गिट अपडेट-रेफ -डी` वापरा.

## टप्पा ६: प्रत्येकाचं मशीन

सर्व्हरवर कुलूप बसलं की इथे जे करायचं ते सोयीसाठी, सुरक्षेसाठी नव्हे. पुशपूर्वीचा हुक `--नो-व्हेरिफाय` ने टाळता येतो आणि क्लोनबरोबर तो येतही नाही. त्यावर विसंबू नका.

तरी चार सवयी लावण्याजोग्या आहेत.

`गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.डिफॉल्ट` ही आज्ञा चालवून पाहा. उत्तर ‘मॅचिंग’ आलं तर ते आजच बदला. त्या सेटिंगमध्ये नाव न देता केलेला फोर्स पुश दोन्हीकडे असलेल्या सगळ्या ब्रँचेसवर चालतो. २०१४ मधल्या गिट २.० पासून मूळ सेटिंग ‘सिंपल’ आहे, पण जुन्या कॉन्फिग फाइली वर्षानुवर्षं एका मशीनवरून दुसऱ्यावर जात राहतात.

स्वतःच्या ब्रँचवर सक्ती करायची तेव्हा नुसतं `--फोर्स` वापरू नका:

`गिट कॉन्फिग --ग्लोबल अलियस.पुशएफ "पुश --फोर्स-विथ-लीज --फोर्स-इफ-इन्क्लुड्स"`

पहिला पर्याय विचारतो की समोरचं टोक मी शेवटचं पाहिलं तिथेच आहे का. यातली मेख अशी, की कोड एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असतो. सहकाऱ्याचा नवा कमिट तुमच्या नकळत ‘पाहिलेला’ ठरतो आणि सक्ती बिनबोभाट पार पडते. दुसरा पर्याय, जो गिट २.३० पासून आहे, तो हे भोक बुजवतो: ते टोक तुमच्या ब्रँचमध्ये खरोखर मिसळलं होतं का हे तो तपासतो.

तिसरी सवय `गिट कॉन्फिग --ग्लोबल पुल.एफएफ ओन्ली`. मेनचा इतिहास कुणी बदलला तर गिट २.३३ च्या आधीच्या आवृत्त्यांत, किंवा तसं सेटिंग असेल तिथे, साधा पुल जुना आणि नवा इतिहास एकत्र मर्ज करू पाहतो, आणि पुढच्या पुशबरोबर टाकून दिलेले कमिट परत येतात. या सेटिंगने पुल थांबतो आणि माणूस विचार करतो.

चौथी सवय टीमसाठी एकच पुरे. एका वेगळ्या क्लोनमध्ये फेचच्या नियमातलं सुरुवातीचं अधिक चिन्ह काढून टाका आणि तो ठरावीक वेळाने फेच करत राहील असं करा. इतिहास सरळ पुढे गेला तर फेच होईल. पुन्हा लिहिला गेला तर फेच अपयशी ठरेल. तेवढ्यावर इशारा पाठवा. इतका स्वस्त पहारेकरी दुसरा नाही.

## टप्पा ७: चूक मागे घेण्याची मान्य वाट

फोर्स पुश बंद केला की लोक विचारतात, मग चुकीचा कमिट काढायचा कसा? काढायचा नाही, `गिट रिव्हर्ट <हॅश>` करून उलटा कमिट चढवायचा. मर्ज कमिट उलटवताना `-एम १` द्यावं लागतं, म्हणजे कोणती बाजू मूळ धरायची ते गिटला कळतं.

सावधान: रिव्हर्ट केलेली ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली तर आधीचे बदल परत येत नाहीत, कारण गिटच्या दृष्टीने ते कमिट आधीच आत आहेत. आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करा, मग दुरुस्ती चढवा.

## टप्पा ८: दार उघडावंच लागलं तर

पासवर्ड किंवा कुणाची खाजगी माहिती आत गेली, अवाढव्य फाइल चुकून चढली, अशा वेळी इतिहास बदलणं योग्य असतं. पण गुपित फुटलं असेल तर पहिलं काम गिटचं नाही. ते गुपित आधी रद्द करा, नवीन घ्या. इतिहास साफ केला तरी फोर्क, इतरांचे क्लोन आणि पुल रिक्वेस्टचे जुने संदर्भ यांत ते उरतंच.

त्यानंतरचा क्रम:

१. सगळ्यांना वेळ कळवा आणि तेवढा वेळ पुश थांबवा. बाकी राहिलेलं काम आधी मर्ज करून घ्या.
२. मेनचा सध्याचा हॅश लिहून ठेवा आणि बंडल घ्या. गुपित काढायचं असेल तर जुन्या टोकाला सर्व्हरवर टॅग लावू नका, तो गुपितालाच जपून ठेवेल. बंडलही कुलपात ठेवा.
३. वेगळ्या ताज्या क्लोनमध्ये `गिट फिल्टर-रेपो` चालवा. जुनं `फिल्टर-ब्रँच` वापरू नका. गिटचे स्वतःचे दस्तऐवजही त्यापासून परावृत्त करतात. फिल्टर-रेपो सुरक्षेसाठी ‘ओरिजिन’ काढून टाकतं, तो परत जोडावा लागतो.
४. नियमातली सूट एका माणसाला, एका ब्रँचपुरती द्या. पूर्ण नियम बंद करू नका.
५. `गिट पुश --फोर्स-विथ-लीज=मेन:<जुना-हॅश> ओरिजिन मेन`. हॅश हाताने दिल्यामुळे मधल्या मिनिटात कुणी पुश केला असेल तर हा पुश अडेल.
६. सूट लगेच काढा. ‘संध्याकाळी काढतो’ म्हटलेली सूट पुढच्या अपघातापर्यंत तशीच राहते.
७. टप्पा ५ मधली पहिली आणि तिसरी चाचणी पुन्हा करा.

सगळ्यांनी नवा क्लोन घ्यावा हे उत्तम. ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांनी पुल करू नये. `गिट फेच` आणि मग `गिट रिबेस --ऑन्टो ओरिजिन/मेन <जुना-हॅश> माझी-ब्रँच`. मात्र ही वाट चालते ती गुपित फक्त मेनवरून काढायचं होतं तेव्हा. त्यांच्या ब्रँचमध्येही ते असेल तर नवा क्लोनच घ्या.

## टप्पा ९: तरीही झालंच तर

पहिली दहा मिनिटं काहीही दुरुस्त करू नका. सगळ्यांना सांगा: पुल नाही, पुश नाही. सर्व्हरवर `गिट जीसी` (तुटलेले कमिट पुसून टाकणारी साफसफाई) चालवणारं काही वेळापत्रकात असेल तर ते थांबवा. कमिट अजून कुठेतरी आहेत. घाईत केलेली साफसफाईच त्यांना खरी मारते.

१. जुनं टोक शोधा. ज्याने पुश केला त्याच्या टर्मिनलवर ‘फोर्स्ड अपडेट’ अशी ओळ असते आणि तिच्यात जुना व नवा हॅश दोन्ही असतात, म्हणून त्याला खिडकी बंद करू देऊ नका. ती गेली असेल तर इतरांच्या मशीनवर `गिट रिफ्लॉग शो ओरिजिन/मेन`, नाहीतर बिल्डच्या शेवटच्या नोंदी, सर्व्हरचा रिफ्लॉग, किंवा गिटहबचं ‘ॲक्टिव्हिटी’ पान.
२. दोन-तीन हॅश मिळतील. कुणाचा क्लोन दोन दिवस जुना असतो. `--इज-ॲन्सेस्टर` ने त्यांची तुलना करा. बाकी सगळे ज्याचे पूर्वज आहेत तो खरा.
३. तो लगेच वेगळ्या नावाने वर ढकला: `गिट पुश ओरिजिन <जुना-हॅश>:रेफ्स/हेड्स/बचाव`. ही नवी ब्रँच असल्यामुळे सक्ती लागत नाही आणि कमिट सर्व्हरवर सुरक्षित होतात.
४. अपघातानंतर कुणी मेनवर काम चढवलं का पाहा: `गिट लॉग ओरिजिन/बचाव..ओरिजिन/मेन`. यादीत जुन्याच कमिटच्या बदललेल्या प्रतीही दिसतील. `गिट चेरी ओरिजिन/बचाव ओरिजिन/मेन` मध्ये वजा चिन्ह आलेले कमिट आशयाने आधीच आहेत, अधिक चिन्हाचे तपासून घ्या. जे खरंच नवं आहे ते ‘बचाव’वर चेरी-पिक करा, म्हणजे एकेक कमिट उचलून चढवा.
५. टप्पा ८ मधल्या चौथ्या ते सातव्या पायरीनेच मेन परत जागेवर आणा. पाचव्या पायरीत हॅश द्यायचा तो मेनच्या आत्ताच्या टोकाचा, आणि ढकलायचं ते `बचाव:मेन`.
६. `गिट फेच` करून `गिट मर्ज-बेस --इज-ॲन्सेस्टर <जुना-हॅश> ओरिजिन/मेन` चालवा. परतीचा कोड शून्य आला की इतरांना पुल करायला सांगा.
७. पुश ज्या खात्यावरून झाला त्याच खात्यावरून टप्पा ५ मधल्या पाचही चाचण्या पुन्हा करा. जी आत जाईल, ती फट. ती बुजेपर्यंत ‘बचाव’ ब्रँच पुसू नका.